उटी विरुद्ध खोबरेल तेल

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल काहीही फेका, लोक मानतात. मी कितीकांना सांगितलं आहे की गच्चीवर पापड वाळत घातले अन् उचलायले गेली तं भाजून तयार. ऐकणारा मान डोलवते, म्हणते, हाव ना, नागपूरच ते. पण थंडीबद्दल खरंही सांगा, तं लोक तोंडाकडे पाहतात. हा आमच्या थंडीवर अन्याय आहे बाप्पा. तो दूर करायले मी पदर खोचला, अन् त्यातून पुढचं सारं झालं. शरदभाऊंची कंबरही त्यातलीच.

माझा मुलगा मुकुंद चेन्नईले असते. तिकडे दोनच ऋतू आहेत, एक उन्हाळा अन् एक भिजलेला उन्हाळा. त्याची पोट्टी नूपुर आता नऊ वर्षांची आहे. ती नागपूरले शेवटची आली तेव्हा तिले सारे दुधाचे दात होते. त्याच्यानंतर कधी मुकुंदले सुट्टी नाही, कधी तिकीट नाही. उन्हाळ्यात या म्हटलं तं माझी सून सुरुची, पुण्याची आहे ती, गोड आवाजात म्हणे, आई, उन्हाळ्यात नागपूर नको हं. मंग उरला फोन. नूपुरची फोन धरायची पद्धत अशी की मले नेहमी तिचं कपाळच दिसे. चार वर्षं मी नातीचं कपाळ मोठं होताना पाहून राहिली होती.

यंदा डिसेंबर लागता लागता भल्ली थंडी पडली. आमचे हे, विश्वनाथराव, पाणीपुरवठ्यातून रिटायर झाले तेव्हापासून दिवाळीले कानटोपी चढवतात ते होळीलेच उतरवतात, पण यंदा त्यांनी कानटोपीवर मफलर अन् मफलरवर टॉवेल गुंडाळला. दूधवाल्याले वाटलं घरात कोणाचं ऑपरेशन झालं. अशात मुकुंदचा फोन आला. नाताळच्या सुट्टीत नूपुरले थंडी पाहायची आहे म्हणे, तं आम्ही उटीले जाऊन राहिलो.

उटी. माझ्या आंगाचा तिळपापड झाला. सख्खी आजी इकडे थंडीत बसली आहे, अन् पोट्टी परक्याच्या थंडीत जाणार?

मी म्हटलं, दे तिले फोन. कपाळ आलं. मंग मी सुरू झाली. म्हटलं, इथं समोरच्या सुभद्राकाकूच्या माहेरी खाप्याले म्हैस दोहली तं बादलीत थेट कुल्फी पडली. रामटेकच्या गडावर माकडं आता नारळ हिसकत नाहीत, लोकांच्या शाली हिसकतात, अन् एक म्हातारं माकड तं सकाळी चहाच्या टपरीवर हात शेकत बसते. खालचे शरदभाऊ शिंकले तं त्यांच्या मिशीतून गारा पडल्या. कपाळ हसून राहिलं होतं, मले कळत होतं, कारण त्याच्यावर आठ्या नव्हत्या. मंग मी अखेरीस, सहज, खरी गोष्ट सांगितली. म्हटलं, अन् खोबरेल तेलाचा तं दगड झाला आहे.

तिथंच पोट्टी अडकली. म्हैस मानली, माकड मानलं, तेल नाही मानलं. "आजी, हे खोटं आहे. तेल कधी गोठत नाही. आमच्याकडे बाटली आहे, मी रोज बघते."

मी बाटली कॅमेऱ्यासमोर उलटी केली. ती म्हणे, फोनमध्ये काहीही दाखवता येतं. मंग मीही इरेस पेटली. म्हटलं, ये अन् डोळ्यांनी पाहा. सुट्टीत तेल गोठलेलं दिसलं तं दरवर्षी थंडीत नागपूर. नाही दिसलं तं पुढच्या वर्षीपासून तू अन् तुझी उटी, मी बोलावणार नाही. ती विचार करून म्हणे, डन. मुकुंद मागून म्हणे, आई, अगं हॉटेल बुक केलंय. मी फोन ठेवून दिला. पैज लागल्यावर बापाचं काय काम?

तं ते आले. सुरुचीले ऑफिस होतं, ती तिकडेच राहिली. मी अन् हे स्टेशनवर दोन शाली, एक स्वेटर अन् थर्मासमध्ये चहा घेऊन उभे. पण माणूस उभा राहते अन् ढग येतात. आदल्या दिवसापर्यंत आभाळ निळंशार होतं, त्या सकाळी साऱ्या नागपूरवर कोणी मळकी गोधडी टाकल्यासारखं झालं. वारा बंद. ह्यांनी चक्क टॉवेल सोडला. गाडीतून नूपुर उतरली ती दोन स्वेटर, हातमोजे, लोकरीची टोपी, अन् आत घामानं पार चिंब. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, जशी थंडी तिले घ्यायले प्लॅटफॉर्मवर येणार होती.

म्हणे, "आजी, कुठे आहे?"

मी म्हटलं, घरी आहे, चल.

घरी तेल पातळ. मी कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बाटलीत काढून बाथरूमच्या फळीवर ठेवलं होतं, सारं दिसावं म्हणून. ते अस्सं झुळुझुळु हलून राहिलं, मले खिजवत.

आमच्या फ्लॅट स्कीमचे सेक्रेटरी शरदभाऊ खाली राहतात. शरच्चंद्र त्यांचं नाव, तहसीलीत हेडक्लार्क होते, अन् अजूनही घरात भाजी आणायची असली तं बायकोले म्हणतात की विषय विचाराधीन आहे. त्यांच्या बाल्कनीत थर्मामीटर आहे. रोज सकाळी ते ग्रुपवर किमान तापमान टाकतात, खाली 'आपला नम्र' लिहून. त्यांना विचारलं तं म्हणे, यमुताई, हे ढग बंगालच्या उपसागरातून आलेले आहेत, म्हणजे चेन्नईच्या दिशेने. तुमच्या पाहुण्यांच्याच गाडीने आले असं म्हणायला हरकत नाही. मी म्हटलं, हरकत आहे. पण ते वर निघून गेले, पाण्याची टाकी पाहायले.

समोरची सुभद्रा म्हणजे सल्ल्याची खाण. तिनं तेल बोटावर घेतलं, नाकाले लावलं, अन् डोळे मिटले. "यमुताई, हे तेलच खोटं आहे वं. शुद्ध असतं तं लाजेकाजेनं तरी गोठलं असतं." तिनं तिच्या घरचं आणून दिलं. ते गोठलं तं नाहीच, पण त्याले असा वास होता की ह्यांनी विचारलं, कोणाचं काही जळून राहिलं का.

दुसऱ्या दिवशीही ढग. तिसऱ्या दिवशी तं ढगांनी संसारच मांडला. अन् मी काय पाहावं, की दुपारी नूपुर पंख्याखाली बसून बापाच्या फोनवर उटीचे फोटो पाहून राहिली. मुकुंद लॅपटॉपमध्ये डोकं घालून होता. मले वाटलं, संपलं. ही पोट्टी जाईल, पुढच्या वर्षी उटी, मंग दहावी, मंग कॉलेज. कपाळ आणखी मोठं होईल, अन् एक दिवस फोनवर म्हणेल, आजी, लग्न आहे, येशील का.

तं मी लबाडी केली. पहाटे उठून बाटली फ्रिजमध्ये ठेवली, अन् सारे उठायच्या आत पुन्हा फळीवर. पांढरीफेक. मंग ओरडली, नूपुर, ये वं, पाहा. ती डोळे चोळत आली. बाटली हातात घेतली. उलटी केली. मले वाटलं, जिंकली. पण पोट्टी कोणाची नात आहे? तिनं बाटलीवरून बोट फिरवलं अन् माझ्यासमोर धरलं. ओलं.

"आजी, बाटलीला घाम आलाय. थंडीत घाम येतो?"

मी म्हटलं, बाटली घाबरली असेल. मले खोटं पकडलं जायची सवय आहे, त्याच्यावर माझा संसार झाला. पण ती जशी चुपचाप बाटली फळीवर ठेवून गेली नं, ते बरं नाही वाटलं. इतके दिवस ती माझ्या गोष्टींवर हसत होती, कारण तिले माहीत होतं की आजी कुठं फेकते अन् कुठं नाही. आता ती रेघच पुसली होती.

सुभद्रानं मंग नवा मार्ग काढला. म्हणे, घरात गरमी आहे, तेल गच्चीवर पसरट परातीत ठेवा, मोकळ्यावर पडलं की पहाटे कसं नाही गोठत ते पाहते. मीही बुडत्यासारखी काडी धरली. पण गच्चीची किल्ली शरदभाऊंकडे. ते म्हणे, गच्चीचा वापर फक्त टाकी, सोलर अन् ध्वजवंदनासाठी आहे, अन्य प्रयोजनासाठी अर्ज करावा लागेल. मी अर्ज केला. प्रयोजन, तेल थंड करणे. त्यांनी चष्मा लावून वाचला, म्हणे, घरगुती की व्यावसायिक? मी म्हटलं, भावनिक. म्हणे, असा प्रवर्ग आपल्या ठरावात नाही, कमिटीसमोर ठेवावा लागेल. कमिटी म्हणजे ते, त्यांची बायको, अन् एक जण जो कॅनडाले राहते. कॅनडावाल्याचा मेसेज आला की इथं शून्याखाली वीस आहे, तेल इकडे पाठवा. शेवटी नूपुर स्वतः खाली गेली, अन् काय बोलली कोणाले ठाऊक, किल्ली घेऊन आली. मी विचारलं तं म्हणे, मी अंकलना अंपायर केलं.

हाव. आता पैजेले अंपायर होता, अन् तो शरदभाऊ. ग्रुपवर तापमानाखाली दुसरी ओळ यायले लागली, तेलाची स्थिती: द्रव. आपला नम्र. साऱ्या फ्लॅट स्कीमले माझी बेइज्जती रोज चहासोबत. लिफ्टमध्ये लोक नमस्कार सोडून विचारत, काय मावशी, गोठलं का. आयुष्यभर इतक्या प्रेमानं माझ्या तब्येतीची कोणी चौकशी केली नाही.

परात वर ठेवली. पहाटे बुरबुर पाऊस आला. तेलावर पाणी, पाण्यावर तेल, परात भरून वाहिली. अंपायर साहेब नियमाप्रमाणे सकाळी निरीक्षणाले वर गेले, चपला बाहेर काढून, कारण गच्चीचा तोही नियम त्यांनीच केला आहे. मंग जो आवाज झाला तो आम्ही तिसऱ्या मजल्यावर ऐकला. मुकुंदनं त्यांना रामदासपेठेत हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. मोडलं काही नव्हतं, मुका मार. डॉक्टरनं बर्फानं शेकायले सांगितलं. त्या हप्त्यात नागपुरात बर्फ पडला तो तितकाच, शरदभाऊंच्या कमरेवर. पण माणूस तहसीलीतला. पालथे पडल्या पडल्या त्यांनी ग्रुपवर टाकलं, तेलाची स्थिती: द्रव व निसरडी.

माझी मात्र हिंमत खचली. घरात मोजकंच तेल उरलं होतं, त्या कॉफीच्या बाटलीत अर्धं. संध्याकाळी मी ते घेऊन पलंगावर बसली अन् नूपुरले म्हटलं, गोठत नाही तं निदान डोक्याले लावू, ये. ती म्हणे, चिकट होतं, आई ओरडते. मी म्हटलं, गोष्ट पाहिजे तं डोकं इकडे कर, फुकट नाही मिळत. ती येऊन पायांशी बसली.

तिच्या डोक्याले दोन भोवरे आहेत. मुकुंदले तसेच होते. फोनमध्ये भोवरे दिसत नाहीत. मी तेल जिरवत राहिली अन् सांगत राहिली, की तुझा बाप लहान होता तेव्हा इतकी थंडी होती की कोंबडा आरवायलेच उठेना, शेवटी सूर्यानं त्याले येऊन उठवलं. ती म्हणे, खोटं. मी म्हटलं, हाव. ती म्हणे, अजून सांग. मंग रोज संध्याकाळी हेच. रोज बाटलीतलं तेल थोडं उतरे, अन् आभाळ काही उतरत नव्हतं. तिनं उटीचे फोटो पाहणं सोडलं होतं, पण पैज तं पैज. एकदा तेल लावता लावता विचारलं तिनं, आजी, तू हरलीस तर खरंच बोलावणार नाहीस? मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. असं काहून म्हटलं मी? माणसानं स्वाभिमान दाखवायच्या आधी जरा आपलं वय पाहावं.

जायच्या आदल्या संध्याकाळी मी तिची बॅग भरून राहिली होती. संत्री, तिळाचे लाडू, सुभद्रानं दिलेल्या तुरीच्या शेंगा. बाटलीच्या बुडाले बोटभर तेल उरलं होतं. खिडकीतून झुळूक आली, पायाले गार लागलं. मी लक्ष दिलं नाही. इतके दिवस फसवलेल्या माणसाले झुळूक कशी खरी वाटेल?

सकाळी कोणीतरी माझं पांघरूण ओढलं. नूपुर. तोंडासमोर तिच्या वाफ. "आजी, उठ. तू बाटली फ्रिजमध्ये ठेवली होतीस?"

"नाही वं."

"शपथ?"

"तुझ्या आजोबाच्या कानटोपीची."

आभाळ धुतल्यासारखं झालं होतं. वारा उत्तरेकडून असा येऊन राहिला होता की फरशीवर पाय ठेववेना. फळीवर बाटली, बोटभर तेल, पांढरंशुभ्र. तिनं वरून बोट फिरवलं. कोरडं. उलटी केली. हललं नाही. झाकण काढून बोटानं दाबलं, नखाची नुसती रेघ उमटली. मंग ती बाटली छातीशी धरून अनवाणीच खाली पळाली, अन् अंपायरनं पालथ्यानंच निकाल दिला. ग्रुपवर आलं, तेलाची स्थिती: घन. पुढं काही नाही, आपला नम्रही नाही. मले वाटते त्यांचंही मन भरून आलं असेल, किंवा कंबर दुखत असेल.

मले नाचायले पाहिजे होतं. जिंकली होती मी. पण दाराशी बॅगा होत्या. गोठायचं होतं तं आठ दिवस आधी गोठता आलं नसतं का याले?

नूपुर वर आली ती गंभीर. म्हणे, आता मी शाळेत सांगितलं तर कोणी मानणार नाही. म्हणतील, ही पण आजीसारखीच फेकते. मी ही बाटली घेऊन जाऊ? दाखवायला?

आयुष्यात मी पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. ह्यांनी उघडलं होतं, पण मी पाय दाबला. म्हटलं, घेऊन जा नं. ह्यांची कानटोपी काढून तिच्यात बाटली गुंडाळली. ह्यांनी टोपी दिली ते पाहून मुकुंदच्याही डोळ्यांत पाणी आलं. डिसेंबरात ह्यांचं टक्कल आम्ही कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

स्टेशनवर पोट्टी तोंडातून वाफा सोडून राहिली होती, एक माझ्याकडे, एक ह्यांच्याकडे. गाडी हलली तं खिडकीची काच तिच्या वाफेनं पांढरी झाली, अन् मले तिचं तोंड दिसलंच नाही. तिनं मधेच पुसलं, तं दिसलं काय? कपाळ.

घरी येऊन मी भाजी फोडणीले टाकली नव्हती तोच फोन. आजी, सेवाग्राम, दगड आहे. दुपारी बल्लारशाहवरून, दगड आहे, टीसी अंकलनापण दाखवला. संध्याकाळी वारंगल आलं. तिचा आवाज लहान झाला होता. "आजी, कडेकडेनं वितळून राहिलं."

वितळून राहिलं, म्हणे. पुण्याच्या आईची, चेन्नईची पोट्टी. मी पदरानं डोळे पुसले अन् म्हटलं, टोपी घट्ट गुंडाळ. ती म्हणे, गुंडाळली आहे. फोनमधून गाडी धडधडत राहिली. मले वाटलं, ती टोपी गुंडाळते, मी इकडे फोन कानाले गुंडाळते, अन् तेल काही कोणाचं ऐकत नाही.

विजयवाड्याचा फोन आला नाही. मीच समजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ आलं. म्हणे, सगळं पाणी झालं, आजी. मी म्हटलं, फेकून दे बाळा, नाहीतं आईले दे, डोक्याले लावून देईल. ती म्हणे, छट. "मी ती बाटली माझ्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या थंडीत घेऊन येते. तिकडेच गोठेल ती, नागपूरची आहे."

तवापासून आमच्या बाथरूमच्या फळीवर एक गोल तेलकट डाग आहे. मी तो पुसू देत नाही. काल हे बाजारात निघाले तं विचारून राहिले, अवं, तेल संपलं आहे, बाटली आणू का खोबरेलाची? मी म्हटलं, काही गरज नाही, तुम्हाले तसंही लावायले आहे कुठं. ते म्हणे, अन् तू? वर्षभर काय कोरडी राहशील?

मी म्हटलं, आपली बाटली चेन्नईले गेली आहे. थंडीत येते.